लाइट आल्यावर नेट येतं, पण एकही साइट उघडत नाही: घरच्या फायरवॉलचा वारंवार येणारा बिघाड

तक्रार साधारण अशी असते. दुपारी दोन-तीन तास लाइट जाते. परत आली की ओएनटीवरचा (फायबर जिथे येऊन जोडली जाते त्या उपकरणावरचा) पॉनचा दिवा हिरवा होतो, फायरवॉलच्या, म्हणजे ओएनटी आणि घरचं नेटवर्क यांच्यामध्ये बसवलेल्या छोट्या पीसीच्या, डॅशबोर्डवर वॅनला (बाहेरच्या जोडणीला) पत्ता मिळालेला दिसतो, गेटवेसुद्धा हिरवा. वायफायच्या सगळ्या दांड्या भरलेल्या. फोन मात्र ‘कनेक्टेड, नो इंटरनेट’ म्हणत बसतो. यूपीआयचं चाक फिरत राहतं, टीव्ही काही दाखवत नाही, आणि घरातलं कुणीतरी निकाल देऊन मोकळं होतं: ‘तू तो डबा बसवल्यापासूनच हे सुरू झालंय.’

ठाण्यात घोडबंदर रोडच्या पट्ट्यात आणि पलीकडे नेरूळ-घणसोलीला मी हा प्रकार बऱ्याच घरांत पाहिला आहे. मे-जूनमध्ये तो जास्त दिसतो. पावसाळ्याआधीच्या देखभालीसाठी जे शटडाउन घेतात ते छोट्या यूपीएसच्या आवाक्याबाहेरचे असतात. एरवी दहा-पंधरा मिनिटं लाइट गेली तर डबा बंदच पडत नाही, त्यामुळे त्रासही दिसत नाही. म्हणूनच हा बिघाड पकडायला अवघड. महिनोन्‌महिने सगळं सुरळीत, आणि मग एके दिवशी पुन्हा तेच.

नेटवाला पोरगा येतो, दिवे बघतो आणि म्हणतो, ‘ताई, आमच्याकडून सगळं ओके आहे. तुमचा डबा काढा आणि साधा राउटर थेट लावून बघा.’ थेट लावलं की चालतं. त्याचं काही चुकत नाही, पण त्यावरून लोक फायरवॉल बिघडली असं धरतात आणि तिचं सॉफ्टवेअर, ओपनसेन्स, नव्याने टाकतात. नव्याने टाकल्यावर पुढच्या शटडाउनपर्यंत सगळं छान चालतं, आणि औषध लागू पडल्याचा समज पक्का होतो.

फायरवॉलला काही झालेलं नसतं. तिचं घड्याळ मागे गेलेलं असतं.

मी ज्या डब्यांबद्दल बोलते आहे ते आता सगळ्यांच्या ओळखीचे झालेत: इंटेलचा एन १०० किंवा त्याच्या आधीचा एन ५१०५ प्रोसेसर, मागे २.५ गिगाबिटचे चार पोर्ट, पंखा नाही, खाचा पाडलेली ॲल्युमिनियमची बॉडी हाच हीटसिंक, आणि १२ व्होल्टचा ॲडॉप्टर. एका पोर्टला ओएनटी, दुसऱ्याला स्विच, आणि जुना वायफाय राउटर नुसता ॲक्सेस पॉइंट म्हणून. वर ओपनसेन्स. २०१५ मध्ये ते पीएफसेन्समधून फुटून वेगळं झालं. दोन्ही फ्रीबीएसडीवर चालतात, दोन्हींत नावावरून पत्ता शोधायचं काम अनबाउंड करतो, त्यामुळे पुढचं जवळपास सगळं दोन्हीकडे लागू आहे. मेनूची नावं मी ओपनसेन्सची देते.

आधी खात्री करा की तुमचा त्रास हाच आहे

आकडा चालतोय का आणि नाव चालतंय का, एवढंच बघायचं. लॅपटॉपवरून १.१.१.१ ला पिंग करा. उत्तर येतंय? मग ओएनटी, केबल, वॅन, फायरवॉलचे नियम, नॅट, सगळं ठीक आहे आणि नेटवाल्याला फोन करण्यात अर्थ नाही. आता कुठल्याही साइटचं नाव देऊन पिंग करा. ते सापडत नसेल तर गाडी डीएनएसपाशी, म्हणजे नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या यंत्रणेपाशी, अडली आहे.

ओएनटीवर लॉसचा लाल दिवा असेल तर मात्र पुढे वाचूच नका. तो फायबर तुटल्याचा दिवा आहे, आणि मेट्रो ४ च्या कामामुळे आमच्या रस्त्याची जी खणाखणी चालली आहे त्यात हे काही नवीन नाही.

दुसरी पायरी म्हणजे फायरवॉलची तारीख. डॅशबोर्डवर सिस्टिम इन्फर्मेशनच्या चौकटीत ती लिहिलेली असते आणि कुणीही ती वाचत नाही. प्रोसेसर किती टक्के, मेमरी किती, तापमान किती, याकडे सगळ्यांचे डोळे. तिथे चार-पाच वर्षांपूर्वीच्या जानेवारीतली एखादी तारीख दिसली तर शोध संपला. बोर्डाचा सेल संपलेला असतो, आणि वीज पूर्ण गेली की घड्याळ बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) बनवणाऱ्याने जी तारीख भरून ठेवली असेल तिथून नव्याने मोजायला लागतं.

तिसरा पुरावा अनबाउंडच्या लॉगमध्ये मिळतो. लॉगची पातळी थोडी वाढवली असेल तर ‘सिग्नेचर बिफोर इन्सेप्शन डेट’ किंवा ‘फेल्ड टू प्राइम ट्रस्ट अँकर’ अशा ओळी ढिगाने पडलेल्या दिसतात. ज्यांच्या लॅपटॉपवर डिग ही डीएनएसला विचारणा करायची कमांड आहे (मॅकवर असतेच) त्यांच्यासाठी एक झटपट परीक्षा: एकदा साधी विचारणा करा, आणि एकदा ‘सीडी’ हा पर्याय लावून, म्हणजे ‘तपासणी करू नकोस, नुसतं उत्तर दे’ असं सांगून. साध्या विचारणेला सर्व्हफेल (म्हणजे ‘उत्तर देता येत नाही’) आणि सीडी लावल्यावर व्यवस्थित पत्ता, असं झालं तर दोष तपासणीतच आहे, दुसरीकडे कुठेही नाही. ही परीक्षा मला सगळ्यांत विश्वासाची वाटते, कारण तिच्यात अंदाजाला जागाच राहत नाही.

घड्याळाचा आणि साइट उघडण्याचा संबंध काय

डीएनएससेक चालू असताना अनबाउंड प्रत्येक उत्तरावरची डिजिटल सही तपासतो. प्रत्येक सहीवर दोन तारखा असतात: कधीपासून लागू आणि कधीपर्यंत. लोकलच्या पासवर असतात तशाच. टीसीच्या हातातलं कॅलेंडर २०२१ सालात अडकलं असेल तर डब्यातल्या एकूण एक प्रवाशाचा पास ‘अजून सुरूच झालेला नाही’ ठरेल आणि सगळे खरे पासधारक खाली उतरवले जातील. अनबाउंड हेच करतो.

ही साखळी सगळ्यांत वरून, रूटपासून सुरू होते. रूट झोनवर सह्या १५ जुलै २०१० पासून आहेत आणि त्या दोन-तीन आठवड्यांच्या मुदतीच्या असतात, सतत नव्या होतात. घड्याळ काही मिनिटं किंवा एखादा तास इकडेतिकडे असेल तर काही बिघडत नाही. ते काही महिने मागे गेलं की रूटचीच सही नापास होते आणि तिच्या खालचं सगळं झाड कोसळतं. ज्या साइटने डीएनएससेक घेतलेलंच नाही तीही उघडत नाही, कारण ‘हिने घेतलेलं नाही’ याचा पुरावासुद्धा वरच्या सहीनेच द्यायचा असतो.

मग घड्याळ आपोआप दुरुस्त का होत नाही? एनटीपी, म्हणजे नेटवरून वेळ जुळवणारी सोय, त्यासाठीच तर आहे. इथे खरी गाठ आहे. एनटीपीला वेळ विचारायला ज्यांच्याकडे जायचं त्यांची नुसती नावं दिलेली असतात. नावावरून पत्ता हवा तर अनबाउंड हवा. अनबाउंडला सही तपासायला बरोबर वेळ हवी. वेळ आणायला एनटीपी हवा. दोघं एकमेकांची वाट बघत बसतात, आणि डबा अशा अवस्थेत कितीही वेळ राहू शकतो.

‘पण आमच्याकडे दहा मिनिटांनी आपोआप सुरू होतं’ असंही काही जण सांगतात. ते खोटं नाही. फायरवॉल स्वतःसाठी नावं शोधताना आधी स्वतःच्याच अनबाउंडला विचारते, तिथून सर्व्हफेल आला तर यादीतल्या पुढच्या सर्व्हरकडे जाते. वॅनवरून इंटरनेट कंपनीचे डीएनएस सर्व्हर त्या यादीत येऊ दिले असतील तर एनटीपीला पत्ता तिथून मिळतो, वेळ जुळते, आणि अनबाउंड मिनिटाभरात ताळ्यावर येतो. ज्यांनी ‘कंपनीचा डीएनएस नकोच’ म्हणून ती टिक काढून टाकली आहे त्यांच्याकडे मात्र गाठ सुटतच नाही. म्हणजे ज्याने जास्त काळजीने सेटिंग केली त्यालाच जास्त त्रास. हे मला अजूनही थोडं विनोदी वाटतं.

आत्ता, या क्षणी नेट चालू करायचं असेल तर

डब्याला मॉनिटर-कीबोर्ड लावा, आणि लॅपटॉपवरून फायरवॉलचं पान आकड्याने उघडून ठेवा. मॉनिटरवर दिसणाऱ्या मेनूत ८ दाबलं की शेल, म्हणजे कमांड टाइप करायची जागा, मिळतं. डेट ही कमांड, एक जागा सोडून वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिटं सलग, म्हणजे १२ जून २०२६ ला दुपारी साडेतीन वाजता २०२६०६१२१५३०. अर्थात आकडे इंग्रजीत टाइप करायचे. सेकंदापर्यंत जुळवायची गरज नाही, हातातल्या घड्याळावरून टाका. मग लॅपटॉपवरच्या पानात सर्व्हिसेसमधून अनबाउंड रिस्टार्ट करा. लगेच साइट उघडायला लागतात आणि उरलेला फरक एनटीपी स्वतः काढतो.

घरच्यांची बोलणी थांबवायला एवढं पुरेसं आहे. पुढच्या शटडाउनला पुन्हा हेच होणार.

डब्याच्या पोटातला सेल

ॲडॉप्टर चालू असताना बोर्डावरचं घड्याळ त्याच विजेवर चालतं आणि सेलला हात लागत नाही. सेल झिजतो तो डबा बंद पडून असताना. तेही इतकं सावकाश, काही मायक्रोअँपिअर, की चांगला सेल वर्षानुवर्षं जायला हवा. मग नवा डबा घेऊन वर्षभरातच तो का जातो? काही वेळा सेल मुळातच स्वस्तातला असतो, काही वेळा डबा गोदामात पडून राहिलेला असतो. आणि तिसरं कारण आपल्या घरांतलं आहे: उष्णता.

नव्या फ्लॅटमध्ये मुख्य दाराच्या वर किंवा चपलांच्या कपाटामागे फायबर आणि केबलसाठी एक छोटी कपाटी दिलेली असते. ओएनटी तिथेच, म्हणून मिनी पीसीही तिथेच कोंबला जातो. बिनपंख्याच्या डब्याची सगळी भिस्त आजूबाजूच्या हवेवर. प्रोसेसरला याची फिकीर नसते. एन १०० ची वरची मर्यादा १०५ अंश सेल्सिअस आहे आणि घरच्या फायरवॉलच्या कामाला तो तिथपर्यंत जातही नाही. पण बटण सेल प्रोसेसरसारखा नाही. सीआर २०३२ हा साधारण ६० ते ७० अंशांपर्यंतच टिकेल असं बहुतेक उत्पादक सांगतात, आणि त्याच्या आतही जितकी उष्णता जास्त तितकं आयुष्य कमी. दार बंद केलेल्या कपाटीत, मे महिन्यात, ॲल्युमिनियमला हात लावून बघा म्हणजे मी काय म्हणते ते कळेल.

बदलायला अवघड काही नाही. ॲडॉप्टर काढा. डबा उलटा करा, तळाचे चार स्क्रू काढा, पत्रा उचला. रॅम आणि एसएसडी समोर दिसतात. त्यांच्या बाजूला काळ्या प्लॅस्टिकच्या वेष्टणात गुंडाळलेली एक टिकली दुहेरी टेपने बोर्डाला किंवा पत्र्याला चिकटवलेली असते. तिच्यातून एक लाल आणि एक काळी तार निघून दोन पिनांच्या इवल्याशा पांढऱ्या सॉकेटात जाते. काही डब्यांत ही टिकली थेट एसएसडीच्या कडेला टेकवलेली असते, म्हणजे आतली सगळ्यांत गरम जागा शोधून तिथेच सेल. तारा ओढू नका. नखाने किंवा बारीक चिमट्याने सॉकेटातला प्लग डावीकडे-उजवीकडे हलवत सरळ वर काढा. सॉकेट बोर्डावरून उखडलं तर मग दुरुस्तीचं काम तुमच्या हाताबाहेर जातं.

प्लगमध्ये मल्टिमीटर लावून बघा. नवा सेल ३ व्होल्टच्या थोडा वरच दाखवतो. अडीचच्या खाली असेल तर गेलाच समजा. असे एक व्होल्टसुद्धा न दाखवणारे सेल मी नव्याकोऱ्या दिसणाऱ्या डब्यांतून काढले आहेत.

आता खरेदी. गोखले रोडवरच्या घड्याळवाल्याकडे २०३२ चा सुटा सेल चटकन मिळेल, पण तारवाला मिळणार नाही. सुट्या सेलला घरी सोल्डरिंग गनने तारा जोडायला जाऊ नका. लिथियमचा सेल आहे, तापवला की फुटू शकतो. लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानात जा आणि ‘तारवाला सीमॉस सेल’ मागा. लॅपटॉपमध्ये हेच वापरतात, त्यामुळे दहापैकी आठ दुकानांत निघेल. जुना सेल सोबत न्या, म्हणजे प्लगचा आकार जुळवता येतो. आणि लाल तार कुठल्या पिनेला आहे ते दोन्ही प्लग शेजारी धरून बघा. काही प्लग उलट्या जोडणीचे येतात, डोळे झाकून बसवू नका.

बसवताना एसएसडीपासून लांब, तळाच्या पत्र्याच्या थंड कोपऱ्यात चिकटवा, तार पुरते. आणि जमलं तर डबा कपाटीतून बाहेर काढा. एक लांब पॅच कॉर्ड टाकून तो टीव्हीच्या युनिटवर ठेवला तरी खूप फरक पडतो.

सेल गेला तरी नेट अडू नये, यासाठी

सेल बदलल्यावर पुष्कळ जण इथेच थांबतात. मी थांबू देत नाही, कारण हा सेलही कधीतरी जाणारच आणि तोवर आपण हे सगळं विसरलेलो असू. ती गाठच सोडवून ठेवलेली बरी.

सर्व्हिसेसमध्ये नेटवर्क टाइम उघडा. तिथे आधीपासून असलेली नावं राहू द्या आणि त्यांच्या जोडीला दोन सर्व्हर आकड्याने घाला. क्लाउडफ्लेअरचे १६२.१५९.२००.१ आणि १६२.१५९.२००.१२३ हे वेळेचे सर्व्हर कुणालाही वापरता येतात. आकड्याला डीएनएस लागत नाही, सही तपासावी लागत नाही, बात खतम. गुगलचेही आहेत, २१६.२३९.३५.० पासून चारचारच्या अंतराने (पहिल्याच्या शेवटचं शून्य बघून टायपिंगची चूक वाटते, ती नाही), पण ते दुसऱ्या कुणात मिसळू नका. लीप सेकंद (जगाच्या घड्याळात अधूनमधून वाढवला जाणारा जादा सेकंद) आला की गुगल तो दिवसभरात थोडा थोडा पसरवून टाकतं, बाकीचे बहुतेक एकदम घेतात, आणि त्या दिवशी दोघांच्या वेळा जुळत नाहीत. शेवटचा लीप सेकंद २०१६ च्या ३१ डिसेंबरला आला होता, म्हणजे रोज डोकेदुखी होईल असं नाही. तरी गुगल स्वतःच मिसळू नका म्हणतं, तर ऐकावं.

‘भारतातलेच सर्व्हर घालू का?’ असं एका मित्राने विचारलं. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचा, म्हणजे एनपीएलचा, टाइम सर्व्हर जरूर घाला. भारतीय प्रमाणवेळ तीच संस्था सांभाळते. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत कंपन्यांना आणि डेटा सेंटरना एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा एनपीएलच्या सर्व्हरशी घड्याळं जुळवायला सांगितलं आहे. घरच्या माणसाला ती सक्ती नाही. फक्त हे लक्षात ठेवा की ते नावाने घातलेत तर आपल्या या दुखण्यावर त्यांचा उपयोग नाही. पत्ता शोधण्याचीच तर बोंब आहे.

एनटीपीबद्दल एक शंका नेहमी येते: इतक्या वर्षांचा फरक तो एकदम भरून काढेल का? एरवी एनटीपीडी (एनटीपीचं काम करणारा प्रोग्रॅम) १००० सेकंदांपेक्षा जास्त फरक दिसला की काम सोडून बसतो. पण सुरू होताना ‘जी’ हा पर्याय दिला असेल तर पहिल्यांदा एकदाच कितीही मोठी उडी मारायला तो तयार असतो, आणि फायरवॉलमध्ये तो तसाच सुरू होतो.

दुसरी तजवीज अनबाउंडच्या बाजूने. अनबाउंडच्या ॲडव्हान्स्ड पानावर ‘इन्सिक्युअर डोमेन्स’ नावाची चौकट आहे. तिथे पूल डॉट एनटीपी डॉट ऑर्ग एवढं एकच नाव घाला. अर्थ असा की या एका नावाची सही तपासू नकोस. एवढ्याने एनटीपीला पत्ता मिळतो, वेळ येते, आणि बाकी सगळ्या नावांची तपासणी नेहमीसारखी सुरू होते. धोका वाढतो का? फारसा नाही, या पूलच्या नावांवर मुळात सह्याच नाहीत.

मात्र ज्यांनी डीएनएस ओव्हर टीएलएस लावलं आहे त्यांना ही दुसरी युक्ती पुरत नाही. तिथे अनबाउंड बाहेरच्या सर्व्हरशी कुलूपबंद बोलतो, त्या सर्व्हरचं प्रमाणपत्र तपासतो, आणि प्रमाणपत्रालाही ‘पासून-पर्यंत’ तारखा असतातच. चुकलेल्या घड्याळाला ते बोगस वाटतं, जोडणीच होत नाही, मग सहीपर्यंत विषय जातच नाही. अशा घरात आकड्याने दिलेले एनटीपी सर्व्हर हाच खरा उपाय. म्हणून मी दोन्हींपैकी एकच करायचं म्हटलं तर आकडेच सांगते.

डीएनएससेक बंद करून टाका, हा सल्ला

व्हॉट्सॲपवर असा बिघाड मांडला की पहिलं उत्तर हेच येतं. टिक काढली की नेट लगेच चालतं, म्हणून सल्ला देणाऱ्याची पाठही थोपटली जाते. मला तो पटत नाही. घड्याळ अजून चुकीचंच आहे. फायरवॉलचे लॉग २०२१ ची तारीख लावून पडत राहतात, मुलांच्या फोनसाठी रात्री दहानंतर नेट बंद करायचा नियम भलत्याच वेळी लागतो, व्हीपीएनची प्रमाणपत्रं नाकारली जातात, अपडेट तपासणी अडते. ज्या तपासणीने घड्याळ बिघडल्याचं सांगितलं तीच बंद केली, आणि वर ती पुन्हा चालू करायचं कुणाच्या लक्षात राहत नाही. घरात डीएनएससेक हवंच का, हा वेगळा वाद आहे आणि त्यात दोन्ही बाजूंना दम आहे. पण तो लाइट आल्या-आल्या, घरचे डोक्यावर उभे असताना निकालात काढायचा विषय नाही.

ओपनडब्ल्यूआरटी हे राउटरवर टाकायचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांना हा त्रास कमी होतो. साध्या राउटरमध्ये घड्याळाचा सेलच नसतो हे धरूनच ते बनवलंय. सुरू होताना ते आपल्या सेटिंगच्या फायलींपैकी सगळ्यांत नवीन फाइलची तारीख बघून निदान तिथपासून मोजायला लागतं. हे मिनी पीसीवरच्या फायरवॉलनेही शिकायला हरकत नाही.

त्याच फेरीत करून घ्यायची कामं

सेलसाठी डबा उघडलाच आहे तर बायोसमध्ये एक डोकावून या. वीज परत आल्यावर डब्याने आपोआप सुरू व्हावं याची सेटिंग ‘रिस्टोअर एसी पॉवर लॉस’ किंवा ‘स्टेट आफ्टर जी ३’ अशा नावाने असते. जी ३ म्हणजे पूर्ण वीज गेलेली अवस्था, तिथून पुढे एस ० निवडायचं, म्हणजे चालू. सेल मेल्यावर काही बोर्ड तारखेबरोबर ही सेटिंगही विसरतात. मग लाइट आल्यावर कुणीतरी हाताने बटण दाबेपर्यंत डबा झोपलेलाच, आणि तुम्ही ऑफिसात असाल तर फोनवरून आईला ‘मागचं नाही गं, पुढचं गोल बटण’ असं समजावत बसायची वेळ येते.

छोट्या राउटर-यूपीएसबद्दल. बाजारात जे १२ व्होल्ट, २ अँपिअरचे मिळतात त्यांच्यावर ओएनटी मजेत चालतो. मिनी पीसी एरवी दहा-बारा वॉटच खातो, पण सुरू होताना त्याची भूक वाढते, आणि त्याच्या ॲडॉप्टरवर ३ ते ५ अँपिअर लिहिलेलं असतं ते उगाच नाही. ओएनटी आणि डबा दोन्ही एकाच छोट्या यूपीएसवर टाकले तर डबा अर्धवट सुरू होऊन पुन्हा पडतो, पुन्हा सुरू होतो. दोघांना वेगळी सोय करा किंवा दोन्ही घरच्या इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या. आणि डिस्कवर झेडएफएस ही फाइल सिस्टिम (फायली साठवायची पद्धत) निवडली नसेल तर पुढच्या वेळी नव्याने टाकताना निवडा. अचानक वीज जाण्याला ती यूएफएसपेक्षा बरीच खंबीर आहे.

दुरुस्ती झाली का हे बघायला पुढच्या शटडाउनची वाट कशाला बघायची? दोन परीक्षा वेगवेगळ्या घ्या. पहिली सेलची: ॲडॉप्टर काढून अर्धा तास थांबा, लावा, आणि बायोसमध्ये तारीख-वेळ बघा. तिथे वेळ साडेपाच तास मागे दिसली तर घाबरू नका. फ्रीबीएसडी बोर्डाच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवतं, आपली नाही. ती ‘दुरुस्त’ करायला जाऊ नका. दुसरी परीक्षा गाठ सुटली का याची, आणि ही महत्त्वाची: बायोसमध्ये जाऊन तारीख मुद्दाम दोन वर्षं मागे टाका, सेव्ह करा, डबा सुरू होऊ द्या. आकड्याने दिलेले एनटीपी सर्व्हर काम करत असतील तर ओएनटी जागा झाल्यावर काही मिनिटांत डॅशबोर्डवर आजची तारीख येते आणि साइट उघडतात. नाही आली, तर वॅनवरून बाहेर जाणारं १२३ नंबरचं यूडीपी पोर्ट तुमच्याच एखाद्या नियमाने अडवलं आहे का ते बघा. घरातल्या कॅमेऱ्यांना बाहेर बोलू द्यायचं नाही म्हणून लोक सरसकट नियम लावतात आणि त्यात फायरवॉलचंच तोंड बांधलं जातं.

आणि तुमच्याकडे पहिल्याच पायरीला १.१.१.१ चं पिंगही गेलं नसेल, तर हा लेख तुमच्या दुखण्याचा नाही. तिथे दोन गोष्टी आधी तपासा. ओएनटी राउटर मोडमध्ये असेल तर त्याचा घरातला पत्ता बहुतेकदा १९२.१६८.१.१ असतो आणि ओपनसेन्सच्या लॅनचाही मूळ पत्ता तोच. दोन्ही बाजूंना एकच पत्ता आल्यावर माहिती कुठे पाठवायची ते डब्याला कळत नाही. लॅन (घरातलं नेटवर्क) १९२.१६८.१०.१ वर हलवा. दुसरं, काही ठिकाणी केबलवाले जोडणी एका ठरावीक मॅक पत्त्याला (उपकरणाच्या ओळख क्रमांकाला) बांधून ठेवतात. जुन्या राउटरच्या तळाच्या स्टिकरवरचा मॅक वॅनच्या सेटिंगमध्ये भरा, किंवा त्यांना फोन करून नवा बांधून घ्या.